पांच मिनिटांची खोदाई

वर्धा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला आष्टी नांवाचें गांव आहे. हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, या भागांतील लोकांनीं पोलिस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठीं मोर्चा नेला. गोळीबार झाला, गांवकरी पडले, संतापलेल्या जमावाच्या हातून पोलिसही मारले गेले. आणि पुढें गांवाच्या नांवाला 'शहीद' हें उपपद कायमचें जोडलें गेलें. इतिहासानें तो एक दिवस उचलून घेतला. त्यानंतर जे दिवस आले त्यांची नोंद इतिहास सहसा ठेवीत नाहीं. खटले चालले, कित्येकांना फांशीची शिक्षा सांगण्यांत आली, आणि देशभर ओरड झाल्यावर ती टळून जन्मठेपेवर आली. मोर्च्यांत माणसाच्या शेजारीं शेंकडों माणसें असतात, तोंडांत घोषणा असते. तुरुंगाच्या कोठडींत सकाळ उजाडते ती एकट्याची. ती कशी घालवावयाची हें ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें. सुशिक्षित कुटुंबांतील बहुतेकांच्या वाट्याला मोर्च्याचा दिवस सबंध आयुष्यांत येत नाहीं. साधी, एकट्याची सकाळ मात्र रोज येते, आणि माणूस घडतो किंवा बिघडतो तो बहुधा तिच्यांत.

आष्टीहून वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यांत शिरलें कीं मोझरी लागते. तेथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापन केला. आष्टी-चिमूरच्या चळवळीच्या वेळीं त्यांनाही सरकारनें तुरुंगांत टाकलें होतें. त्यांच्या भजनांनीं लोक पेटत, हें सरकारला दिसलें. परंतु त्यांनीं लोकांना जें खरें शिकविलें तें भजनाहून शांत होतें. सूर्योदयापूर्वीं सामुदायिक ध्यान, सूर्यास्तानंतर सामुदायिक प्रार्थना, आणि गांवाची झाडलोट. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. महाराजांचें शालेय शिक्षण अगदीं बेताचें. तरी १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय वाचतांना असें वाटतें कीं या माणसाला खेड्याचें दुखणें नेमकें कळलें होतें. खेड्यांत सद्‌बुद्धीचा दुष्काळ नव्हता. ठरलेल्या वेळीं ठरलेलें काम करण्याची संवय नव्हती. शहरांतील लोकांचें दुखणें याहून फारसें निराळें आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण. १९३८ सालीं विनोबा भावे यांची प्रकृति अगदीं ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर आलें होतें. वय त्रेचाळीसच्या आसपास. हवापालटासाठीं एखाद्या थंड हवेच्या ठिकाणीं जावें असा आग्रह मंडळी करूं लागली. विनोबा वर्ध्याहून पांच-सहा मैलांवर, पवनार येथें, धाम नदीच्या कांठीं असलेल्या जमनालाल बजाज यांच्या बंगल्यांत राहावयास गेले. पुलावरून जातांना आश्रमाच्या सर्व चिंता आपण सोडल्या, असें त्यांनीं मनाशीं म्हटलें, आणि तेथें पोंचल्यावर हातांत कुदळ घेतली. पहिल्या दिवशीं त्यांनीं जमीन खोदली ती किती? अवघीं पांच मिनिटें. दुसऱ्या दिवशीं त्याहून किंचित् अधिक. असें थोडें थोडें वाढवीत हा माणूस दोन तासांच्या खोदाईपर्यंत गेला, आणि वर्षाच्या आंत त्याचें वजन सुमारें चाळीस पौंडांनीं वाढलें.

या गोष्टींतील वजनाचा आंकडा लोकांच्या लक्षांत राहतो. लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत तीं मात्र पहिल्या दिवसाचीं पांच मिनिटें. अशक्त माणसाला पहिल्या दिवशीं उत्साहाच्या भरांत अर्धा तास खोदणें अशक्य नसतें. अशक्य असतें तें दुसऱ्या दिवशीं उठणें. आपल्याकडे गुढीपाडव्याला जे संकल्प सुटतात त्यांची गत बहुधा अशीच होते. उद्यांपासून पहाटे चारला उठणार, तासभर व्यायाम करणार, रात्रीं इंग्रजी ग्रंथांचीं पन्नास पानें वाचणार! चैत्र अर्धा सरतो न सरतो तोंच गजराचें घड्याळ उशीखालीं जातें, आणि अक्षय्यतृतीयेला संकल्पाची आठवण घरांतील मुलांनाच तेवढी उरते, तीही चेष्टेपुरती. अशा माणसाला लोक आळशी म्हणतात, आणि मग तो स्वतःही तसेंच मानूं लागतो. वस्तुतः त्याच्या अंगीं आळस नसतो, हिशेबाचा अभाव असतो. आपल्या सर्वांत वाईट दिवशीं, डोकें दुखत असतां, घरांत पाहुणे असतां, कचेरींत साहेबांची बोलणीं खाऊन आलों असतां जेवढें काम हातून होईल, तेवढेंच रोजचें माप धरावें, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

मापाचा विषय निघाला आहे तर थोडें गणित करण्यास हरकत नाहीं. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नसे. मराठींतील जो पद्यानुवाद मुलानें आणून दिला तोही तिला कठीण वाटला, तेव्हां तूंच कां करीत नाहींस, असें ती म्हणाली. १९१८ सालीं ती वारली. 'गीताई'चें लेखन सुरू झालें ७ ऑक्टोबर १९३० रोजीं. म्हणजे मधें बारा वर्षें गेलीं. तें पुरें झालें ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं. एकूण दिवस १२३ आणि श्लोक ७००. भागाकार केला तर दिवसाला सहा श्लोकही पडत नाहींत. मराठी घरांघरांत पोंचलेला हा ग्रंथ रोजच्या हिश्श्यानें मोजला तर एवढाच भरतो. पुढें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं तींही अशींच. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक अध्याय. रविवार मोजले तर बरोबर अठरा भरतात. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते व त्यांनीं तीं प्रवचनें टिपून घेतलीं. एकाचा नेम बोलण्याचा, दुसऱ्याचा लिहिण्याचा. दोन्ही पाळले गेले म्हणून तें पुस्तक आज हातीं आहे.

येथें कोणी चाणाक्ष श्रोता म्हणेल कीं, त्याच साने गुरुजींनीं 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत ९ पासून १३ तारखेपर्यंत, म्हणजे पांच दिवसांत लिहून काढली. मग रोजच्या थेंबाथेंबाचें महत्त्व तें काय उरलें? आक्षेप चांगला आहे. परंतु त्या पांच दिवसांमागें अमळनेरच्या छात्रालयांतील वर्षें उभीं आहेत. तेथें गुरुजी मुलांसाठीं हातानें लिहिलेलें दैनिक काढीत. मुलें उठण्यापूर्वीं लेखन तयार ठेवणाऱ्या हाताला पुढें एकदम धार लागली तर त्यांत नवल कसलें? विहिरीला पाणी एका दिवसांत लागतें हें खरें. खणणें मात्र त्या दिवशीं सुरू झालेलें नसतें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. रोज तेंच तें करणें म्हणजेच जर प्रगति, तर घाण्याचा बैल सर्वांत प्रगत ठरेल. तो पहाटेपासून चालतो, आणि संध्याकाळीं जेथला तेथेंच असतो. वीस वर्षें एकाच टेबलाशीं बसून एकच खतावणी लिहिणारा, आणि वीस वर्षांनंतरही ती पहिल्या वर्षाइतकीच लिहिणारा कारकून कोणीं पाहिला नाहीं? शिक्षकांतही हा वर्ग आहे. पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून पिढ्यान् पिढ्या तोच धडा सांगितला जातो. ही संवय खरी, पण तिच्यांतलें लक्ष उडून गेलेलें असतें. पवनारच्या खोदाईंत रोज जी किंचित् वाढ होती, ती येथें नाहीं. कारकुनानें महिन्याकांठीं एक नवीन गोष्ट हिशेबाच्या शास्त्रांतली समजून घेतली, शिक्षकानें दर वर्षीं एक धडा मुळापासून नव्यानें मांडला, तर टेबल तेंच राहून माणूस पुढें सरकतो. बढती मिळेल कीं नाहीं हा प्रश्न वरिष्ठांच्या मर्जीचा आहे. बढती मिळाली असतां ती पेलेल कीं नाहीं हा मात्र त्याच्या स्वतःच्या हातांतला आहे.

शिवाय वाढ म्हणजे सतत ओढाताण नव्हे. आष्टीकडील बागाईतदाराला हें पुस्तकावांचून ठाऊक आहे. मृगाचा बहार धरावयाचा असला तर तो उन्हाळ्यांत संत्र्याच्या झाडाचें पाणी तोडतो. त्याला 'ताण देणें' म्हणतात. झाड कोमेजल्यासारखें दिसतें. अजाण माणसाला वाटतें, बाग गेली. मग पाऊस पडतो आणि त्याच झाडावर फूल येतें. पाणी किती दिवस तोडावयाचें हें जमिनीवर अवलंबून असतें. हलक्या जमिनीला थोडा ताण, भारी जमिनीला जास्त. सर्व झाडांना एकच माप लावणारा बाग घालवितो. विश्रांतीचेंही असेंच आहे. शेजाऱ्याची दिनचर्या उतरवून घेणाऱ्यांनीं, विशेषतः यशस्वी माणसांच्या दिनचर्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रात्रीं बारापर्यंत वाचीत बसणाऱ्यांनीं, एवढें ध्यानांत घ्यावें.

वयाची सबब हा तर आपल्या समाजाचा आवडता आसरा आहे. चाळिशी लागली, आतां काय शिकावयाचें! १९४२ च्या ऑगस्टांत विनोबांना अटक झाली व नंतर त्यांना दूर वेल्लोरच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. वय सत्तेचाळीस. त्या तुरुंगांत त्यांनीं तामिळ, तेलुगु, कानडी व मल्याळी या चारही दक्षिणी भाषांचा अभ्यास केला. त्या वेळीं या भाषांचा उपयोग काय, असें कोणीं विचारलें असतें तर सांगतां येण्यासारखें उत्तर नव्हतें. सुटका केव्हां होईल हेंही माहीत नव्हतें. १९५१ च्या मार्चांत ते पायीं तेलंगणाकडे निघाले, आणि १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें भूदानाचा आरंभ झाला. तो मुलूख तेलुगु बोलणाऱ्यांचा होता. पुढें तेरा वर्षें हिंदुस्थानभर जी पदयात्रा चालली, तींत त्या कोठडींतल्या अभ्यासाचें मोल काय झालें असेल, हें निराळें सांगावयास नको. ज्या दिवशीं वर्णमाला गिरविली त्या दिवशीं यांतलें कांहींच दिसत नव्हतें.

एक अडचण उरते, आणि ती सर्वांचीच आहे. नेम मोडतो. ताप येतो, लग्नकार्य निघतें, बदली होते. गृहिणीचा तर दिवस तिच्या स्वतःच्या मालकीचाच नसतो. तिनें दुपारचीं दहा मिनिटें वाचनासाठीं ठरवावीं आणि नेमक्या त्याच वेळीं दारावर कोणी यावें, हें कित्येक घरांत नित्याचें आहे. घरांतल्या इतरांनीं तीं दहा मिनिटें राखलीं पाहिजेत. हें काम तिच्या एकटीच्या निश्चयावर सोडून देणें हा निव्वळ अन्याय आहे. विनोबांनीं १९१७ सालीं गांधींचा आश्रम एका वर्षाच्या रजेवर सोडला, तेव्हां वाईस शास्त्राध्ययन, गड-किल्ल्यांतून पायीं प्रवास आणि प्रकृतीची सुधारणा असे बेत होते. वर्ष पुरें झालें त्याच दिवशीं ते परत आश्रमांत हजर झाले. सर्वांनाच इतकें काटेकोर होतां येईल असें नाहीं. परंतु खंड पडला तर बुडालेल्या दिवसांची भरपाई एका रात्रींत करूं जाण्यासारखी दुसरी चूक नाहीं. विद्यार्थी परीक्षेच्या आधीं हेंच करतात आणि आजारी पडतात. जुन्या वहींत त्या दिवसांपुढें शून्य मांडावें, त्यावर खाडाखोड करूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं कुदळ पुन्हां पांच मिनिटेंच उचलावी.