पंधरावा चिमटा
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



माझ्या आयुष्यातलं पहिलं मदतकार्य किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आमचा गट चार-पाच दिवसांनी तिकडे पोचला, आठ दिवस राहिला आणि परतला. तंबूतली एक सहा-सात वर्षांची मुलगी दिवसभर माझ्या ओढणीचं टोक धरून हिंडायची. आम्ही पहाटे निघालो तेव्हा ती झोपलेली होती. उठवलं तर रडेल, म्हणून तिला तशीच झोपू दिली आणि आम्ही ट्रकमध्ये चढलो. आपण मायेनं वागलो असंच मला तेव्हा वाटलं होतं. आपण काय केलं होतं ते नऊ वर्षांनी, दुसऱ्याच देशात, मला एका शिक्षिकेनं समजावलं. आज मी त्या देशाविषयी आणि तिथल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांविषयी बोलणार आहे.

तो देश म्हणजे बोस्निया-हर्झेगोव्हिना. युगोस्लाव्हिया फुटला, एप्रिल १९९२ मध्ये तिथं युद्ध पेटलं आणि डिसेंबर १९९५ मध्ये डेटन करारानं थांबलं. सुमारे एक लाख माणसं गेली. देशाची जवळजवळ निम्मी वस्ती घरादारातून उठली. सारायेव्हो शहराला पडलेला वेढा १४२५ दिवस टिकला. वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, ६ एप्रिल २०१२ रोजी, त्या शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. त्यांत मुलांसाठी छोट्या खुर्च्या होत्या. येणारे-जाणारे त्या छोट्या खुर्च्यांवर खेळणी ठेवून जात होते.

मी पहिल्यांदा गेले २००२ च्या जुलैत, शिबिरातली स्वयंसेवक म्हणून. तेव्हा जर्मनीत समाजकार्य शिकत होते. सारायेव्होहून मोस्तारकडे जाणारी रेल्वे डोंगर ओलांडून नेरेत्वा नदीच्या खोऱ्यात उतरते. नदी हिरवीगार आणि भर उन्हाळ्यातही इतकी गार, की पाय घातला तर पोटऱ्या बधिर होतात. तिच्या काठच्या एका जुन्या शाळेत शिबिर होतं. बत्तीस मुलं, वय आठ ते तेरा, आणि दिवस चौदा. बरीच मुलं पूर्व बोस्नियातून विस्थापित झालेल्या कुटुंबांतली. युद्ध संपून सात वर्षं झाली तरी सामूहिक निवाऱ्यात, एकेका खोलीत संसार. काही मोस्तारची, नदीच्या दोन्ही तीरांवरची.

पहिला पूर्ण दिवस आम्हा स्वयंसेवकांना मुलांच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नाही. तो दिवस सुरुंगांचा होता. लाल पाटीवर कवटी आणि दोन शब्द, 'पाझी, मिने', म्हणजे सावधान, सुरुंग. डांबरी रस्ता सोडायचा नाही. गवतात चेंडू गेला तर तो गेला. जमिनीवरची कोणतीही वस्तू उचलायची नाही. १९९६ मध्ये तिथल्या मुलांसाठी युनिसेफच्या सोबतीनं सुपरमॅनचं एक चित्रपुस्तक काढलं होतं, रोमन आणि सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत, आणि त्यातला सुपरमॅन मुलांना सुरुंगांपासून लांब राहायला शिकवायचा.

मी इकडून मोठ्या हौसेनं लगोरी शिकवायची ठरवून गेले होते. चपटे दगड गोळा करा, म्हटलं. एकही मूल जागचं हललं नाही. माझ्या शेजारचा अकरा वर्षांचा एक मुलगा मान हलवून 'ना' म्हणाला, मला समजावत असल्यासारखा. दगड उचलायचे नसतात हे त्यांना चालायला लागल्यापासून माहीत होतं. मग सुतारकाम करणाऱ्या एका आजोबांनी लाकडाच्या सात चकत्या कापून दिल्या आणि त्यांच्यावर आमची लगोरी रचली. तो खेळ त्या पोरांनी असा उचलला की दुसऱ्या दिवशी नियमांवरून भांडणं सुरू झाली, आणि शिबिर चालवणारी शिक्षिका मला म्हणाली, हे फार चांगलं लक्षण आहे.

भाषेचं मला भय होतं. पण तुर्कांनी तिकडे नेलेले शब्द आणि आपल्याकडे फारसीतून आलेले शब्द एकमेकांचे नातलग निघाले. पिशवीला ते 'केसा' म्हणतात, आपला खिसा त्याच घराण्यातला. साखरेला 'शेचेर', बक्षिसाला 'बाक्शिश'. मुलं मला 'तेता' म्हणायची, म्हणजे मावशी किंवा आत्या. आणि तिथल्या मुसलमान घरांतली मुलं वडिलांना 'बाबो' म्हणतात. तो लगोरीवाला मुलगा एकदा चकती हातात फिरवत म्हणाला, 'बाबो नेस्ताओ'. पहिला शब्द कळायला मला दुभाषा लागला नाही. दुसरा विचारावा लागला. नेस्ताओ म्हणजे बेपत्ता.

युद्ध संपलं तेव्हा त्या देशात सुमारे तीस हजार माणसं बेपत्ता होती. बेपत्ता हा शब्द घरात आला की घराचं काय होतं ते मी तिथं पाहिलं. आई रक्ताचा नमुना देऊन आलेली असते, कारण सामूहिक थडग्यांतल्या हाडांशी तो जुळवून पाहायचा असतो. फोन वाजला की सगळे गप्प होतात. वडील गेले असं कुणी म्हणत नाही आणि येतील असंही कुणी म्हणत नाही. त्या मुलानं वडिलांना शेवटचं पाहिलं ते १९९५ च्या जुलैत, जंगलाच्या दिशेनं चालत जाताना. तो चार वर्षांचा होता. निरोप असा झालाच नव्हता.

आता त्या शिक्षिकेविषयी. शिबिराची सारी सूत्रं तिच्या हातात होती. तिचं नाव मी सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. पहिल्या संध्याकाळी तिनं जेवणघरात एक दोरी बांधली आणि दोरीवर कपडे वाळत घालायचे चौदा लाकडी चिमटे लावले. मुलांना म्हणाली, रोज रात्री एक काढायचा. दोरी रिकामी झाली की आपण घरी. एका जर्मन स्वयंसेविकेला ते क्रूर वाटलं. पहिल्याच दिवशी शेवटाची आठवण कशाला? शिक्षिका म्हणाली, या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेली आहेत. कोण कधी जाणार हे आधी ठाऊक असण्याचा अनुभव आपण त्यांना चौदा दिवसांत देऊ शकतो. पोहणं आणि गाणी त्याच्या नंतर.

ते ऐकताना किल्लारीचा तंबू माझ्या डोळ्यांसमोर आला. झोपलेली ती मुलगी उठली असेल तेव्हा तिनं पहिल्यांदा कुठं पाहिलं असेल, हा विचार मी नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता. त्याच भूकंपातली सुमारे १२०० मुलं शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला आणली आणि वर्षानुवर्षं त्यांचं शिक्षण सांभाळलं. तेही मदतकार्य आणि आमचे ते आठ दिवसही मदतकार्यच, इतका सैल शब्द आहे तो.

एवढं समजूनही मी चुकलेच. शेवटच्या रात्री चौदावा चिमटा काढताना त्या मुलानं विचारलं, पुढच्या वर्षी येशील? शिक्षिकेनं पहिल्या दिवशी बजावलं होतं, जे नक्की नाही ते बोलायचं नाही. मी म्हणाले, हो, येते. २००३ मध्ये माझी परीक्षा आली, हातात पैसे नव्हते, आणि मी गेले नाही. पत्रही लिहिलं नाही. २००४ मध्ये गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा, शिबिरात येण्याच्या वयाच्या शेवटच्या वर्षात होता. मी हाक मारली. त्यानं मान दुसरीकडे वळवली. मी खोलीतून बाहेर पडले आणि सहज मागं पाहिलं, तर तो दाराकडे एकटक बघत होता.

पुढं कधीतरी ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये चालवलेल्या बालगृहांची टिपणं वाचताना माझा हात थांबला. तिथं तीन वर्षांच्या आतल्या एका मुलाची सांभाळणारी तरुणी लग्न करून निघून गेली होती. ती भेटायला आली तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती गेल्यावर बंद दाराकडे बघत राहिला. त्या दोघींनी मुलांचे छोटे-छोटे 'कुटुंब'गट करून प्रत्येक गटाला आपली अशी एक बाई दिली होती. मुलं त्यामुळे भराभर वाढली, बोलू लागली. पण माया लागली की जाण्याचा घावही तेवढाच खोल होतो. म्हणून चौदा दिवसांसाठी येणाऱ्यानं कुणाची आई व्हायला जाऊ नये. चांगली मावशी व्हावं, आणि मावशी किती दिवस आहे ते सगळ्या घराला माहीत असावं.

२००४ च्या त्या उन्हाळ्यात साऱ्या जगाचं लक्ष मोस्तारच्या पुलाकडे होतं. १५६६ मध्ये बांधलेला तो दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला आणि २३ जुलै २००४ रोजी पुन्हा खुला झाला. सुंदर आहे, मी त्यावरून चालले आहे. पण आमच्या शिबिरातली मोस्तारची मुलं पुलावरून येऊन-जाऊनही वेगळ्या शाळांत शिकत होती. 'एका छपराखाली दोन शाळा' असं त्या पद्धतीचं नावच आहे. एकच इमारत, पण बोस्नियाक, म्हणजे मुसलमान, मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, क्रोएट मुलांचा वेगळा, काही ठिकाणी दारंसुद्धा वेगळी. शिबिराच्या स्वयंपाकघरात पावाला कुणी 'ह्ल्येब' म्हणायचं, कुणी 'क्रुह'. स्वयंपाकीणबाई दोन्ही हाकांना तोच पाव द्यायच्या. एकोप्यावरचं भाषण त्या शिबिरात कुणी केलं नाही. पुढं २०१६-१७ मध्ये यायत्से गावच्या विद्यार्थ्यांनी अशी नवी वेगळी शाळा निघू नये म्हणून आवाज उठवला आणि ती रोखली, तेव्हा मला फार आनंद झाला. ते त्यांचं त्यांनी केलं.

जुलै महिन्याविषयी सांगायलाच हवं. सुट्टी उन्हाळ्यात, म्हणून शिबिर उन्हाळ्यात. पण ११ जुलै हा स्रेब्रेनित्साचा दिवस. १९९५ मध्ये त्या गावात आणि भोवतालच्या प्रदेशात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. ज्यांची ओळख वर्षभरात पटते त्यांचं दफन दरवर्षी त्याच दिवशी जवळच्या पोतोचारीला होतं, हिरव्या कापडाखालच्या शवपेट्या हातोहात पुढं जातात. २००४ मध्ये आमच्या शिबिरातल्या एका दहा वर्षांच्या मुलीला १० तारखेला मामा न्यायला आला. तिच्या वडिलांची ओळख पटली होती. मी गोंधळून गेले. काय बोलावं? शिक्षिकेनं तिच्यासमोर सांगितलं, तुझी गादी इथंच राहील, ताट इथंच राहील, लगोरीत तुझ्या जागी कुणी खेळणार नाही. तिचा संघ दोन दिवस एक गडी कमी घेऊन खेळला आणि हरला. १२ तारखेला संध्याकाळी ती आली, जेवली, आणि दोरीकडे बघून विचारलं, माझ्या वाटचे दोन चिमटे कुणी काढले? शिक्षिकेनं खिशातून ते दोन काढून तिच्या हातावर ठेवले.

इथं बसलेल्या तरुण मुला-मुलींपैकी कुणाला अशा कामाला जायचं असेल, तर काही गोष्टी मी कळकळीनं सांगते. मुलाला युद्धाविषयी विचारू नका. दरवर्षी कुणीतरी परदेशी पाहुणा यायचा, रंगपेटी वाटायचा आणि युद्धाचं चित्र काढा म्हणायचा. मुलं शहाणी, रणगाडा काढून द्यायची, कारण पाहुण्याला तो हवा असतो. पाहुणा गेल्यावर उरलेल्या कागदावर घोडे काढायची. मुलाचा फोटो घेऊन आपल्या खात्यावर टाकू नका. आणि अनाथालयात आठवडाभर 'माया द्यायला' जाऊ नका. जगभरातल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं घरातून आणली जातात हे इतकं उघडं झालं, की २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना त्याचीही दखल घेतली. मूल संध्याकाळी किंवा पंधरवड्यानं आपल्या माणसांकडे परत जाईल अशाच कामाला हात लावा, आणि तुम्ही नसताना ते काम कोण करतं हे आधी विचारा. उत्तर 'कुणी नाही' असेल तर जाऊ नका.

आता परत येण्याविषयी. पियेर सेरेसोल या स्विस माणसानं १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एन गावात पहिलं आंतरराष्ट्रीय सेवाशिबिर भरवलं. त्यात जर्मन तरुणही होते, म्हणून स्थानिक विरोध झाला आणि ते काही महिन्यांत थांबवावं लागलं. हाच माणूस १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये घरं बांधायला आला. एकदा येऊन थांबला नाही, पुन्हा पुन्हा आला. मला त्याच्याविषयी आदर वाटतो तो त्याच्या या परत येण्यामुळे.

२००४ मध्ये त्या लगोरीवाल्या मुलानं माझ्याशी सहा दिवस बोलणं टाकलं. सातव्या दिवशी खेळताना वरची चकती माझ्या हातात दिली. मी माफी मागितली, माझ्या मोडक्या बोस्नियनमध्ये. तो म्हणाला, 'पुढच्या वर्षी' म्हणू नकोस. त्यानंतर मी तारीख ठरल्याशिवाय कुणालाच काही बोलले नाही.

मधली काही वर्षं देणगीदार आटले, शिबिर लहान झालं, एकदा तर शिक्षिकेनं ते शाळेच्या पटांगणातच भरवलं. २००८ मध्ये मी गेले तेव्हा सतरा वर्षांचा तो मुलगा शिबिराचा एक चालक होता. कामाची वाटणी त्यानंच केली. मला म्हणाला, तेता, तू यंदा स्वयंपाकघरात. मी बटाटे सोलायला बसले. खिडकीतून मला तो दोरी बांधताना दिसत होता. चिमटे लावून झाल्यावर मी मोजले, पंधरा होते. मी ओरडून सांगितलं, अरे, शिबिर चौदा दिवसांचं आहे. तो म्हणाला, माहीत आहे. पंधराव्या दिवशी आपण प्रत्येकाच्या घरी फोन करायचा, नीट पोचलास का म्हणून.

त्या पंधराव्या दिवशी आम्ही सकाळी नवाला सुरुवात केली. दुपार टळेपर्यंत सगळे फोन झाले. शेवटचा चिमटा त्यानंच काढला.