हलक्या आवाजातला सॅक्सोफोन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सॅक्सोफोन म्हटला की आपल्याकडच्या रसिकांना मनोहारी सिंग आठवतात. ‘कश्मीर की कली’मध्ये त्यांनी वाजवलेले तुकडे आजही कानात आहेत. तो चित्रपट १९६४ सालचा. त्याच वर्षी अमेरिकेत ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ नावाची एक तबकडी बाजारात आली. तिच्यातलाही सॅक्सोफोन असाच घराघरांत पोचला. आज तिच्याविषयी बोलायचं आहे आणि तिच्यात कोणाचा वाटा किती, याविषयीही.

स्टॅन गेट्झ हा फिलाडेल्फियात १९२७ साली जन्मलेला जॅझवादक. त्याचा टेनर सॅक्सोफोन फार गोड. सूर लागण्याआधी त्यातली नुसती फुंकर ऐकू यावी, इतका मऊ. युरोपात काही काळ काढून तो १९६१ साली अमेरिकेत परतला, तेव्हा जॉन कोल्ट्रेनच्या धारदार वादनाचे दिवस होते. गेट्झचा गोडवा जुना वाटू लागला होता.

त्याच वर्षी चार्ली बर्ड हा गिटारवादक अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेला आणि येताना ब्राझीलमधल्या नव्या संगीताच्या तबकड्या घेऊन आला. तेच बोसा नोव्हा. म्हणजे साधारण ‘नवी ढब’. कार्निव्हलमधला सांबा म्हणजे ढोलांचा कल्लोळ. जुआंव जिल्बेर्तो या गायकानं तो सगळा एका गिटारीत आणून बसवला. अंगठ्यानं मोठ्या ढोलाचे ठोके, बाकीच्या बोटांनी छोट्या ढोलाची आडवी लय. आणि त्यावर गाणं कसं? शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. आवाजात कंप नाही, जोर नाही. शब्द मात्र तालाच्या किंचित पुढे, किंचित मागे. लयीशी असा लाडिक खेळ आपल्या ठुमरीच्या श्रोत्याला नवा नाही.

बर्डनं गेट्झला गाठलं आणि १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात, एकाच दिवसात ‘जॅझ सांबा’ ध्वनिमुद्रित झाली. वादक सगळे अमेरिकन. त्यांत एकही ब्राझीलचा नाही! तरी पुढच्या वर्षी ही तबकडी अमेरिकेतल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिली आली. तिच्यातल्या ‘देसाफिनादो’ला ग्रॅमी मिळालं. या शब्दाचा अर्थ ‘बेसूर’. चाल अंतोनियो कार्लोस जोबिमची. कानाला अपेक्षित नसलेल्या जागी ती मुद्दाम स्वर ठेवते. पुरस्कार मात्र एकट्या गेट्झला. ज्यानं ही कल्पना आणली त्या बर्डला पैशातल्या वाट्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

खरी मौज पुढची. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गेट्झबरोबर साक्षात जिल्बेर्तो बसला. पियानोवर जोबिम, ड्रमवर मिल्टन बनाना. निर्माता क्रीड टेलर. जिल्बेर्तोला इंग्रजी येत नव्हतं, गेट्झला पोर्तुगीज. एक किस्सा सांगतात. गेट्झ फार जोरात वाजवतो म्हणून वैतागलेल्या जिल्बेर्तोनं जोबिमला म्हटलं, या माणसाला सांग, तो मूर्ख आहे. जोबिमनं भाषांतर केलं, तुमच्याबरोबर वाजवणं हे त्याचं स्वप्न होतं म्हणतो. किस्सा खरा असो वा नसो, तबकडी ऐकताना त्याची आठवण होतेच. ‘सो दान्सो सांबा’त गेट्झ मोकाट सुटतो. मजा येते, पण पाहुण्यानं यजमानापेक्षा मोठ्यानं बोलावं तसं वाटतं. ‘दोरालिसे’त मात्र तो गायकाच्या मागे पाऊल टाकतो, त्याच्या आवाजाची उंची ओळखून आपली फुंकर आवरतो. मला गेट्झ इथे मोठा वाटतो.

आणि ते ‘इपानेमा’चं गाणं. विनिसियस दि मोराइसचे मूळ पोर्तुगीज शब्द जिल्बेर्तो गातो. मग त्याची बाविशीतली पत्नी अस्त्रुद तेच गाणं इंग्रजीत गाते. व्यावसायिक गायिका नव्हती ती. सरळ, निर्विकार, जवळजवळ पोरका आवाज. त्यानंतर गेट्झ, मग जोबिमचा पियानो, आणि शेवटी पुन्हा अस्त्रुद. पाच मिनिटांच्या या गाण्याची रेडिओसाठी छोटी तबकडी काढताना क्रीड टेलरनं कात्री लावली, ती जिल्बेर्तोच्याच आवाजाला! ज्यानं ही गायकी घडवली, तोच गाण्यातून बाहेर. जगानं जे ऐकलं ते हे छोटं रूप. उलट मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर अस्त्रुदचं नाव नव्हतं. त्या कामाचे तिला युनियनच्या दरानं १२० डॉलर मिळाले, असं अनेकांनी लिहिलं आहे.

१९६५ साली या तबकडीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. जॅझला तो मान पुन्हा मिळायला २००८ साल उजाडलं. पुढे हे संगीत हॉटेलांत, लिफ्टमध्ये इतकं वाजलं की लोक त्याला पार्श्वसंगीतच समजू लागले. गेट्झ ब्राझीलच्या ठेव्यावर श्रीमंत झाला, अशी कुरकुर आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण त्याच्या सॅक्सोफोनवाचून ही गाणी इतकी दूर गेली असती, असंही मला वाटत नाही. आक्षेप आहे तो श्रेयाच्या वाटणीवर, वादनावर नाही.

गेट्झ १९९१ मध्ये गेला, जोबिम १९९४ मध्ये, जिल्बेर्तो २०१९ मध्ये आणि अस्त्रुद २०२३ मध्ये. तबकडी आजही सहज मिळते. ऐकणार असाल तर पूर्ण लांबीचं गाणं शोधा, रात्री ऐका आणि आवाज थोडा कमीच ठेवा. ‘कोर्कोवादो’ लागलं की आधी अस्त्रुद येईल. तिच्यानंतर जिल्बेर्तो गाऊ लागेल, तेव्हा त्याच्या गिटारीतला अंगठा तेवढा ऐका. गेट्झ त्याच्यावरच उभा आहे.