लेक किती तासांवर राहते?

राजाजीनगरात माझ्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांतलं एखादं मूल सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास नोकरीला आहे. माझीही लेक तिकडेच. आई-वडील विचारतात, "किती लांब हो ते?" मनातला प्रश्न मात्र वेगळाच असतो. रात्री काही झालं, तर पोर किती वेळात दारात येईल?

आधी अंतर बघू. बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ हवाई अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठलीही दोन गावं साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. त्या मानानं आपली मुलं बरीच टोकाला जाऊन बसली आहेत! भिंतीवरच्या नकाशावर वाटतं की विमान आडवं पॅसिफिकवरून जात असेल. नातवाचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा चीन, सायबेरियावरून चढत पार आर्क्टिकला जातो.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं थेट विमान तिकडून इथे आलं, तेही उत्तर ध्रुवावरून. कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या वैमानिक स्त्रियाच. ९ तारखेच्या रात्री निघाले, ११ च्या पहाटे उतरले. प्रवास मात्र १७ तासांचा. बाकीचा वेळ घड्याळानं खाल्ला. हिवाळ्यात ते आपल्यामागे साडेतेरा तास असतात, उन्हाळ्यात साडेबारा.

ताशी ९०० किलोमीटर धरले तर १४,००० ला साडेपंधरा तास लागायला हवेत. मग १७ का? दोरा ताणतो तसं विमान जात नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी घ्यायचे किंवा चुकवायचे, तर वाट वाकडी होते. शिवाय आकाशालाही सीमा आहेत. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. थेट विमानं म्हणूनच कधी चालू, कधी बंद. त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता खरा हिशेब. फोन, तिकीट, विमानतळ गाठून तपासणी, यात चार-पाच तास सहज जातात. थेट विमान मिळालं तर १७. उतरल्यावर शिक्के-सामान एक तास, देवनहळ्ळीहून हेब्बाळमार्गे राजाजीनगर दीड तास, तेही हेब्बाळच्या पुलाची कृपा झाली तर. म्हणजे चोवीस तास. दुबईला किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचं असेल, तर तीसच्या वर. आणि मुलानं अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल पण ओसीआय कार्ड काढलं नसेल, तर आधी व्हिसा! त्यापुढे १७ तास काहीच नाहीत. आज घरी गेल्यावर तेवढं फोन करून विचाराच.

पहिले चोवीस तास मुलांचे नाहीत, शेजाऱ्यांचे आहेत. मी घराची एक किल्ली समोरच्या कन्नड कुटुंबाकडे दिली आहे. औषधांची यादी आणि विम्याचं कार्ड फ्रिजवर चिकटवलंय, कन्नडमध्येही लिहून. लेकीला त्या शेजाऱ्यांचा नंबर दिलाय, आणि त्यांना तिचा.