मस्तकाची पारख



तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. काकांनी थापटणे हाती घेतले, जमलेल्या संतांच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. आज आम्ही बोलणार आहोत ते मस्तकांच्या दुसऱ्या एका पारखीविषयी. ती झाली अजिंठ्यास, कुंचल्याने.

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या प्रती तैलरंगांत करवून घेतल्या. पेस्तनजी बमनजी हे त्यांच्यापैकीच. कोठे सबंध प्रसंग उतरवला, तर कोठे एखादे मस्तकच अभ्यासाला घेतले.

आता यातली अडचण पाहा. अजिंठ्याचा रंग मातीच्या गिलाव्यावर बसलेला, कोरडा आणि निस्तेज. तैलरंग कालवायचा तो जवसाच्या तेलात. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे जवस. त्याचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्यावर चकाकी राहते. मातीचे तेज तेलातून दाखवायचे, म्हणजे पापणीची रेघ न् रेघ, ओठांची मुडपण पुनःपुन्हा पाहणे आले. असे पाहता पाहता ती पोरे आपल्याच देशातल्या जुन्या चित्रकारांची शागीर्द झाली. या श्रमाचे मोल मोठे आहे. १८८५ साली लंडनच्या संग्रहालयात आग लागून यांतल्या अनेक प्रती जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतीवरून जे पुढे झडले, त्यातले काही आज त्यांच्यातच दिसते.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्या काळी भिंतींवर व्हार्निश फिरवले गेले. ते काळाबरोबर पिवळे पडले, त्याने धूळ धरली, आणि जे स्पष्ट करावयाचे तेच झाकोळले. पुढे निजाम सरकारने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इटालियन तज्ज्ञ बोलावले; त्यांनी लावलेली लाखही कालांतराने काळवंडली. ते थर उतरवण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या माथी आले. अभ्यास प्रेमाने केला तरी हात जड पडू शकतो, तो असा.

गोरोबाकाकांच्या थापटण्याने मडके वाजते, फुटत नाही. तेच आम्हांला या सभेपुढे मांडायचे आहे. आपल्या शेजारी धाराशिवची लेणी आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. या सुटीत मुलांना तेरला न्यावे. काचेबाहेर बसवून, कागद-पेन्सिल देऊन एकच मुखडा तासभर काढू द्यावा. चित्र वेडेवाकडे येईल, येऊ द्यावे. पाहणे मात्र पक्के होईल, आणि त्या मातीला कोणाचे बोटही लागणार नाही.