जोसेफ प्रीस्टली : एक वादप्रिय रसायनज्ञ

जोसेफ प्रीस्टली (१७३३–१८०४) हे मूळचे इंग्लंडमधील धर्मोपदेशक. व्याकरण, वीज, इतिहास, राजकारण यांपैकी कोणताच विषय त्यांना वर्ज्य नव्हता. वाद तर नव्हताच. लीड्स येथे शेजारच्या बीअरच्या कारखान्यातील वायू त्यांनी पाण्यात मिसळला. आपल्या सोडावॉटरचे मूळ ते हेच.

१ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी मोठ्या भिंगाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर सूर्यकिरण एकवटले. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. तो प्राणवायू होता. परंतु जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ बाहेर पडते, हे जुने मत प्रीस्टलींना सोडवेना. त्यांनी त्या वायूला ‘फ्लॉजिस्टनविरहित हवा’ म्हटले. पुढे लाव्हाझिए यांनी त्याच वायूच्या आधारे ते मत खोडून काढले.

प्रस्थापित चर्चला विरोध आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा पुरस्कार यांमुळे जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्यांचे घर, ग्रंथ आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. १७९४ मध्ये ते अमेरिकेस गेले. जमावापुढे न नमलेला हा मनुष्य पुराव्यापुढेही नमला नाही, हे मात्र खेदाने म्हणावे लागते. बहुतेक रसायनज्ञ लाव्हाझिएंच्या पक्षास मिळाले असताना, १८०० मध्ये त्यांनी फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले.