घराण्याचे रक्त आणि वऱ्हाडातील नैराश्य

(अमरावती-अकोला भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या खेड्यांत शेतकऱ्याने आत्महत्या केली की दोन निदाने तयार असतात. सभेतला वक्ता म्हणतो, कर्जाने मेला. पारावरचा म्हातारा म्हणतो, त्या घराण्यातच वेड आहे. आणि मग त्या घरच्या मुलींच्या सोयरिकी अडतात. पहिले निदान अपुरे आहे, दुसरे घातक.

मनोविकारांत आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे समाजवाद्याने नाकारण्याचे कारण नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून छिन्नमनस्कतेत, म्हणजे स्किझोफ्रेनियात, हा वाटा सुमारे ८० टक्के आणि तीव्र नैराश्यात ३५ ते ४० टक्के निघतो. परंतु हे टक्के कशाचे? एखाद्याचा आजार इतके टक्के रक्तातून आला, असा त्यांचा अर्थ नव्हे. विशिष्ट परिस्थितीत राहणाऱ्या समूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती फरक जनुकांच्या फरकाशी निगडित आहे, एवढेच तो आकडा सांगतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली बियाण्याचा दृष्टान्त दिला होता. तो वऱ्हाडात अधिक पटावा. सरमिसळ सरकीच्या एकाच पोत्यातून अर्धी काळ्या भारी जमिनीत टोबली, अर्धी बरडावर. एकाच वावरातील झाडाझाडांतला फरक बियाण्याचा असेल; दोन वावरांतला फरक जमिनीचाच.

शिवाय 'वेडाचे जनुक' असे एक काही नाहीच. २०२२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने छिन्नमनस्कतेशी निगडित २८७ जनुकीय स्थाने दाखविली. त्यांतील बहुतेकांचा परिणाम अत्यल्प, आणि त्यांतली काही ना काही आपणा सर्वांच्याच अंगी. आई वा वडील या आजाराने ग्रस्त असले, तरी दहांतील सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. सोयरीक मोडणाऱ्यांना हा हिशेब कोणी सांगितलेला नसतो.

आता जमिनीची गोष्ट. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाखाली गावपातळीवर प्रशिक्षित माणसांनी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले, गरजूंना डॉक्टरपर्यंत पोचविले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्के होते. दीड वर्षानंतर ते २७.२ टक्के झाले. त्या दीड वर्षात कोणाचे रक्त बदलले नव्हते.

सरकारी मदतीचे निकष मात्र आजार लपवायला लावतात. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयाने नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांना धरून पात्रता ठरविली. घरच्यांनी आजाराचे नाव काढले तर प्रकरण अपात्र ठरण्याची धास्ती! अर्थशास्त्राच्या भाषेत ही खोटे बोलण्यास दिलेली चालना होय. वास्तविक कर्ज आणि नैराश्य एकाच माणसाला एकाच वेळी गाठतात. या निकषांत दुरुस्तीची मागणी आपण केली पाहिजे.

वऱ्हाडाला जवळचे सरकारी मनोरुग्णालय नागपुरास. अकोल्याहून ते सुमारे अडीचशे किलोमीटर. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १८ वे कलम सांगते, की जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर रुग्णाने तिथेच अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने द्यावा. या कलमाखालचे अर्ज आपल्या तालुका शाखांनी येत्या खरिपाआधी भरून घ्यावेत.