फाईल वर जाते की निर्णय खाली येतो?

लोकलला लटकत असाल, बसच्या रांगेत असाल, हेडफोन नीट लावा. आजचा विषय जरा वेगळा आहे: ऑफिसातला प्रशासकीय पसारा आणि बायबल.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी मी टीम लीड झालो. आठ जणांची टीम. उत्साहाच्या भरात रोजचा रिपोर्ट, एक्सेल ट्रॅकर आणि प्रत्येक बदलाला तीन अप्रूव्हल, असं सगळं सुरू केलं. एकदा एका ज्युनिअरने एका ओळीचा बग दुरुस्त केला. काम वीस मिनिटांचं, लाइव्ह जायला लागले चार दिवस. तिसरं अप्रूव्हल माझंच अडलं होतं, कारण मी मीटिंगमध्ये होतो. कुठल्या? कामं का रखडतात, त्याच मीटिंगमध्ये! पुढच्याच आठवड्यात तो म्हणाला, "दादा, मी दुसरीकडे बघतोय."

मी ख्रिस्ती नाही. पण माझा हॉस्टेलचा रूममेट वसईचा, त्याच्याकडे मराठी बायबल होतं. त्यातल्या तीन गोष्टी तेव्हा आठवल्या.

पहिली, निर्गम, अध्याय 18. मोशे एकटाच लोकांचे तंटे सोडवायला बसायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग. त्याचा सासरा इथ्रो हे बघून म्हणाला, अशाने तूही थकशील आणि लोकही. दहा, पन्नास, शंभर आणि हजार जणांवर प्रमुख नेम. छोटे तंटे त्यांनीच मिटवायचे, फक्त अवघड ते तुझ्याकडे. आता हिशोब करा: हजार माणसांमागे 100 अधिक 20 अधिक 10 अधिक 1, म्हणजे 131 प्रमुख! पसाराच की. पण लोकांची रांग कमी झाली, कारण निर्णय घ्यायचा अधिकारच खाली आला.

दुसरी गोष्ट शलमोनाची. मंदिराच्या कामावर 70,000 ओझी वाहणारे, 80,000 दगड फोडणारे आणि त्यांच्यावर 3,300 मुकादम. म्हणजे साधारण 45 माणसांमागे एक. मोशेपेक्षा कितीतरी आटोपशीर ना? पण राज्यात 12 अधिकारी होते आणि वर्षातला एकेक महिना राजवाड्याची रसद पुरवणं हे त्यांचं काम. रोज 30 बैल, 100 मेंढरं, वर पीठ वेगळंच. वेठबिगारी होतीच. शलमोन गेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे आले: ओझं हलकं करा, आम्ही तुमचेच आहोत. त्याने तीन दिवस मागितले. म्हातारे सल्लागार म्हणाले, ऐक. बरोबर वाढलेले मित्र म्हणाले, आणखी आवळ. त्याने मित्रांचं ऐकलं आणि 12 पैकी 10 वंश राज्यातून फुटले.

तेव्हा मला कळलं, की मॅनेजर किती आहेत हा खरा प्रश्नच नाही. ते कोणाचं ओझं उचलतात, हा प्रश्न आहे. इथ्रोची माणसं रांगेतल्या लोकांसाठी होती, शलमोनाची दरबारासाठी. माझा ट्रॅकर कोणासाठी होता? खरं सांगू? माझ्यासाठी. मला भीती वाटायची, म्हणून.

तिसरा नहेम्या. इसवी सनपूर्व 445 च्या सुमारास यरुशलेमचा तट बांधायला आला. 52 दिवसांत तट उभा केला. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल चांदी घ्यायचे. याने 12 वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतलाच नाही. लोक आधीच वाकलेत, असं त्याचं म्हणणं. तरी त्याच्या पंगतीला रोज दीडशे माणसं असायची. म्हणजे प्रशासन त्याने मोडलं नाही. काटछाट स्वतःच्या ताटापासून सुरू केली, बस्स.

मीही तेच केलं. आधी माझं अप्रूव्हल काढलं. छोटे बदल दोघांनी आपसात तपासून सोडायचे. रोजचा रिपोर्ट बंद केला. पहिल्या आठवड्यात कोणी तो मागितला का? छे! एकानेही नाही.

तो ज्युनिअर मात्र थांबला नाही. जाताना म्हणाला, "दादा, हे आधी केलं असतंत तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही लीड असाल, उद्या होणार असाल, तर आज एवढंच करा: तुमच्या सहीसाठी काय काय अडून बसलंय त्याची यादी काढा. त्यातली एक गोष्ट उद्या खाली सोडा. रहबामाला तीन दिवस मिळाले होते, तुम्हाला एक पुरेल.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!